चाकांवरचा संसार

लासलगावच्या बाजारात लिलाव झालेला कांदा दोन-तीन दिवसांत दिल्लीच्या आझादपूर मंडईत दाखल होतो. या व्यवहारात शेतकरी, आडते, व्यापारी आणि ग्राहक यांची चर्चा होते. परंतु मधले बाराशे-तेराशे किलोमीटर अंतर जो कापतो, त्या ट्रकचालकाची आठवण क्वचितच काढली जाते. त्याचे काम वरवर पाहता एका जागी बसून करण्याचे दिसते. प्रत्यक्षात ते श्रमाचे, जोखमीचे आणि संयमाची कसोटी पाहणारे आहे.

ट्रकचालकाला सर्वांत अधिक जाच होतो तो खोळंब्याचा. माल भरण्यासाठी आणि उतरवण्यासाठी गोदामाच्या दाराशी तासन्‌तास थांबावे लागते. अनेक शहरांत दिवसा अवजड वाहनांना प्रवेशबंदी असते. चालकाचा मोबदला बहुधा फेरीवर ठरलेला असतो; त्यामुळे थांबलेल्या तासांचे पैसे मिळत नाहीत. मग गेलेला वेळ रात्री जागून भरून काढला जातो आणि तेथेच अपघाताचे बीज पडते. त्यातच माल चढवण्या-उतरवण्याची हमाली, म्हणजे वाराई, पुष्कळदा गाडीच्या माथी मारली जाते. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची मागणी यातूनच पुढे आली. म्हणून जाणता चालक निघण्यापूर्वीच भाडे, आगाऊ रक्कम आणि हमाली यांविषयी स्पष्ट लिहून घेतो. गोदामावर पोहोचल्याची वेळही तो पावतीवर नोंदवून घेतो. तोंडी बोलणे विसरले जाते. कागद विसरत नाही.

काही अडचणी मात्र दूर झाल्या आहेत. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, राज्यांच्या सीमेवरील करतपासणीचे नाके उठले आणि मुंबईतील जकातही बंद झाली. फेब्रुवारी 2021 पासून टोलनाक्यांवर फास्टॅग अनिवार्य झाला. त्याचबरोबर नवी जबाबदारीही आली. 50,000 रुपयांहून अधिक किमतीचा करपात्र माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना ई-वे बिल लागते. सामान्य मालासाठी त्याची मुदत दर 200 किलोमीटरमागे एक दिवस अशी असते. गाडी वाटेत बिघडली, तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या 8 तासांत ती वाढवून घेता येते. म्हणून बिघाड होताच वाहतूकदाराला कळवणे हिताचे ठरते. जो चालक बिलावरील तारीख स्वतः वाचू शकतो, त्याला दंडाचे भय कमी असते.

जादा माल भरण्याचा आग्रह हा आणखी एक जाच होय. 2019 च्या सुधारित मोटार वाहन कायद्यानुसार जादा वजनासाठी 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय भार वाढला की टायर तापतात आणि गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते. म्हणून वजनकाट्याची पावती जवळ असावी. पहिले वीस-तीस किलोमीटर गेल्यावर गाडी थांबवून दोर, ताडपत्री आणि टायर पुन्हा पाहावेत. कारण धक्क्यांनी माल बसतो आणि दोर सैल पडतात.

खरी परीक्षा घाटात होते. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची किंवा इंजिन बंद करण्याची खोड काहींना असते. ही बचत फार महाग पडते. गिअर नसला की इंजिनाचा रोध मिळत नाही आणि सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते. इंजिन बंद असल्यास ब्रेकसाठी लागणारी हवाही नव्याने भरली जात नाही. खंडाळ्याचा घाट असो वा कात्रजच्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार असो, नियम एकच आहे: ज्या गिअरमध्ये चढण चढावी लागते, साधारणतः त्याच गिअरमध्ये उतार उतरावा.

घाटाइतकीच घातक आहे ती झोप. पहाटे दोन ते पाच या वेळेत शरीर आपोआप मंदावते. चहा, तंबाखू किंवा मोठ्या आवाजातील गाणी झोप थोडी पुढे ढकलतात. ती भागवत नाहीत. डोळे जड झाले, की पेट्रोल पंपाजवळ किंवा ढाब्यावर, उजेडाच्या जागी गाडी लावून वीस मिनिटे डुलकी घेणे श्रेयस्कर असते. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने सर्वसाधारणपणे दिवसाला 8 तास काम आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. हा नियम कागदावर राहिला, तर त्याची किंमत चालकालाच नव्हे, तर रस्त्यावरील प्रत्येकाला मोजावी लागते.

गाडी वाटेत बंद पडल्यास ती शक्य तितकी कडेला घ्यावी, चाकांना ठोकळे लावावेत आणि मागे पुरेशा अंतरावर चमकणारा त्रिकोण ठेवावा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 आणि कोणत्याही आणीबाणीत 112 हे क्रमांक पाठ असावेत. दृष्टीची तपासणी वेळोवेळी करून घ्यावी; समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपू लागणे ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नव्हे.

मालवाहू वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी पूर्वी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती 2019 मध्ये काढून टाकण्यात आली. त्यामुळे शाळा सुटलेल्या अनेकांना या व्यवसायाचे दार उघडले. मात्र अट गेली, तरी वाचनाची गरज संपली नाही. रस्त्यावरच्या पाट्या, बिलाची मुदत, वजनाची पावती आणि भाड्याचा हिशेब यांवर चालकाचे उत्पन्न आणि प्राण दोन्ही अवलंबून असतात. स्टिअरिंगवरील हात कितीही सराईत असला, तरी आपल्या नावावर कोणी काय लिहिले आहे, हे स्वतः वाचता येणाऱ्या चालकाला सहसा कोणी फसवू शकत नाही.