साखळी उद्याने आणि सामाईक जाहिरात

एकाच मालकाची पाच गावांत पाच दुकाने असली, तर त्याने पाचही दुकानांवर एकच पाटी लावावी, हे कोणालाही पटेल. परंतु पाचही दुकानांत एकाच दिवशी, एकाच दराने, एकच सूट द्यावी काय, असे विचारले तर उत्तर इतके सोपे राहत नाही. मनोरंजन उद्यानांच्या, म्हणजे थीम पार्कच्या, धंद्यात आज हाच प्रश्न उभा आहे. निरनिराळ्या शहरांत उद्याने असलेल्या कंपनीने सर्व ठिकाणी सामाईक जाहिरात व सवलत योजना राबवावी, की प्रत्येक उद्यानाला आपापली वाट चोखाळू द्यावी? विषय वरकरणी करमणुकीचा वाटला तरी त्याच्या मुळाशी अर्थशास्त्र आहे, आणि शेवटी तो आपल्यासारख्यांच्या खिशापर्यंत येऊन पोहोचतो. म्हणून त्याचा थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

प्रथम या धंद्याचे स्वरूप पाहू. उद्यानातील पाळणे, घसरगुंड्या, कृत्रिम लाटांचे तलाव यांच्यावर होणारा खर्च बहुतांशी आधीच झालेला असतो. माणसे शंभर आली काय नि हजार आली काय, यंत्रे चालवावीच लागतात, त्यांची तपासणी करावीच लागते, कामगारांना पगार द्यावाच लागतो. एक जादा माणूस आत आल्याने खर्च फारसा वाढत नाही. दुसरे असे की, हा माल साठवून ठेवता येत नाही. व्यापारी न विकलेली ज्वारी कणगीत ठेवू शकतो; परंतु मंगळवारी रिकामा फिरलेला पाळणा रविवारी विकता येत नाही. या दोन कारणांमुळे मंदीच्या दिवशी सवलत देऊन गर्दी वाढविणे उद्यानाला परवडते.

उद्यानाच्या तिकिटाचा प्रश्न विद्वानांनाही क्षुद्र वाटलेला नाही. वॉल्टर ओई या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली डिस्नेलँडचे उदाहरण घेऊन एक प्रसिद्ध निबंध लिहिला. दाराशी प्रवेशशुल्क किती घ्यावे आणि आतील प्रत्येक खेळाला वेगळे किती घ्यावे, हा त्याचा विषय. त्या काळी डिस्नेलँडमध्ये खेळागणिक निराळ्या वर्गाची तिकिटे असत. ती पद्धत १९८२ मध्ये बंद होऊन एकाच तिकिटावर सर्व खेळ खुले झाले. म्हणजे एका उद्यानातील दर ठरविणे हेच मुळात डोके चालविण्याचे काम आहे. मग पाच उद्यानांचे एकदम ठरविणे किती अवघड असेल, याची कल्पना करावी.

सामाईक जाहिरातीच्या बाजूने बोलायचे तर तिचे लाभ उघड आहेत. दूरदर्शन संचावर दाखविण्याचा चित्रपट एकदाच तयार करावा लागतो. एकच नाव पुन्हा पुन्हा कानावर पडल्याने ते लोकांच्या मनात ठसते. शिवाय एखाद्या शीतपेयाच्या कंपनीशी करार करावयाचा झाला, तर सर्व उद्याने एकत्र असल्यास वजन पडते. अमेरिकेतील 'सिक्स फ्लॅग्ज' या साखळीने कोका-कोलाच्या डब्यांवर तिकिटाची सवलत देण्याचा उपक्रम वर्षानुवर्षे चालविला, तो याच बळावर. या साखळीचे पहिले उद्यान १९६१ मध्ये टेक्सासात उघडले. तिचा हंगामी पास तेथे विशेष उपयोगी पडतो. कारण सुटीत मोटारीने शेकडो मैल प्रवास करणारे कुटुंब वाटेत त्याच साखळीचे दुसरे उद्यान पाहू शकते.

याच साखळीने २००४ मध्ये 'मिस्टर सिक्स' नावाचे एक पात्र आणले. जाड काळ्या चष्म्याचा, काळ्या सुटातील एक म्हातारा बसमधून उतरतो आणि बेभान नाचू लागतो, अशी ती जाहिरात. ती देशभर गाजली. परंतु जाहिरात गाजली म्हणजे धंदा तरला असे नव्हे. डोक्यावरील कर्जाच्या ओझ्यामुळे २००९ च्या जूनमध्ये या कंपनीला न्यायालयाकडे दिवाळखोरीचे संरक्षण मागावे लागले. नाव सर्वांच्या तोंडी करणे हे जाहिरातीचे काम. कर्ज फेडणे आणि उद्यान नीट ठेवणे हे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे.

आता सवलतीकडे वळू. येथे सामाईकपणा कसा महागात पडतो, हे एका काल्पनिक हिशेबाने सांगते. समजा, एका उद्यानात दिवसाला २,००० माणसे मावतात आणि तिकीट १,००० रुपये आहे. पावसामुळे तेथे ८०० च माणसे येतात. उत्पन्न ८ लाख रुपये. तिकिटावर चौथा हिस्सा सूट दिली, म्हणजे ते ७५० रुपये झाले, आणि माणसे १,२०० झाली, तर उत्पन्न ९ लाख होते. एक लाखाचा फायदा. याच दिवशी त्याच मालकाच्या दुसऱ्या उद्यानात सण आहे. तेथे पूर्ण दराने १,९०० माणसे येणारच होती. उत्पन्न १९ लाख. तेथेही तीच सूट दिली, तर जागा २,००० चीच असल्याने फार तर १५ लाख मिळतील. चार लाखांचा तोटा! दोन्ही मिळून मालक तीन लाखांनी बुडाला, शिवाय दुसऱ्या उद्यानाच्या दाराशी लोक ताटकळले ते वेगळेच.

हा हिशेब केवळ कागदावरचा नाही, हे आपल्या देशातील 'वंडरला' या साखळीचा नकाशा पाहिला की ध्यानात येते. तिचे पहिले उद्यान २००० साली कोचीला 'वीगालँड' या नावाने सुरू झाले. पुढे २००५ मध्ये बंगळूर, २०१६ मध्ये हैदराबाद, २०२४ मध्ये भुवनेश्वर आणि २०२५ मध्ये चेन्नई अशी तिची वाढ झाली. पाच राज्ये, पाच भाषा. कोचीला जून-जुलैत मुसळधार पाऊस, तर चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात. मग 'पावसाळी सवलत' या एका नावाखाली दोन्हीकडे एकच तारीख कशी चालावी? केरळात ओणम, तमिळनाडूत पोंगल, तेलंगणात बतुकम्मा नि दसरा. ओडिशात तर जूनच्या मध्याला रजपर्व येते आणि त्या दिवसांत मुली झाडांना झोके बांधून खेळतात. ज्या मुलुखात झोका हाच सण आहे, तेथील उद्यानाने दुसऱ्या राज्याच्या पंचांगाप्रमाणे जाहिरात करणे म्हणजे दारची गंगा सोडून आडाचे पाणी शेंदणे होय.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी 'मूल्यभेद' ही संज्ञा फळ्यावर लिहिली तेव्हा मला माझ्या मामांची आठवण झाली. मामा जत्रांतून आकाशपाळणा लावतात. म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाच्या दिवशी त्यांचा दर एक असतो आणि रथ होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी निराळा. पालीला खंडोबाच्या लग्नाच्या दिवशी भंडाऱ्याने माणसे पिवळीधमक होतात, तेव्हा पाळण्याला रांग लागते. सूट देण्याचे कारणच नसते. पण जत्रा पांगू लागली की मामा 'दोघांत एक लहान मूल फुकट' अशी आरोळी ठोकतात. मामांची शाळा चौथीत सुटली. त्यांना मागणीची लवचिकता हा शब्द ठाऊक नाही. परंतु ज्या दिवशी मागणी ताठर त्या दिवशी दर टिकवावा आणि जेव्हा लवचिक तेव्हा उतरवावा, हे तत्त्व ते रोज आचरतात. सर्व जत्रांना मिळून त्यांनी एकच हस्तपत्रक छापले असते, तर पाळणा केव्हाच विकावा लागला असता. मात्र पाळण्यावरची रंगीत पाटी सगळीकडे तीच असते, कारण 'तोच पाळणा, मजबूत आहे' ही ओळख त्यांना प्रत्येक गावी उपयोगी पडते.

मामांची पाटी आणि मामांची आरोळी यांतील हा फरक मोठमोठ्या कंपन्यांनाही अनुभवाने शिकावा लागला. डिस्नेने १९९२ च्या एप्रिलमध्ये पॅरिसजवळ उद्यान उघडले तेव्हा अमेरिकेतील रिवाज जसाचा तसा उचलून उद्यानात मद्यबंदी ठेवली. फ्रान्समध्ये जेवणाबरोबर द्राक्षासव हा घराघरातला परिपाठ. अखेर १९९३ मध्ये नियम सैल करावा लागला. आपल्याला मद्याचे कौतुक नसले तरी त्यातील बोध घेण्यासारखा आहे. जे एका ठिकाणी सद्गुण म्हणून खपते, ते दुसऱ्या ठिकाणी पाहुण्याचा अनादर ठरू शकते.

याउलट सामाईकपणाचा चांगला नमुनाही डिस्नेनेच घालून दिला आहे. १९८७ च्या जानेवारीत अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना जिंकल्यावर फिल सिम्स या खेळाडूच्या तोंडी 'आता मी तिकडे चाललो' अशा अर्थाचे वाक्य घालून जाहिरात केली गेली. ते वाक्य त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतले होते. एकदा फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डचे नाव घेऊन आणि एकदा कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडचे नाव घेऊन. कल्पना एक, खर्च जवळजवळ एकच, पण प्रेक्षकाला नाव ऐकू यावे ते जवळच्या उद्यानाचे!

पुढे २००५ मध्ये डिस्नेलँडला ५० वर्षे झाली. हा सोहळा जगभरच्या डिस्ने उद्यानांत साजरा करण्याचे ठरले. कॅलिफोर्नियातील उद्यानाचा वाढदिवस फ्लोरिडाच्या लोकांनी का साजरा करावा, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्यावर तोड अशी काढली की, एका उद्यानातील खेळ दुसऱ्याला द्यावयाचा. कॅलिफोर्नियातील 'सोअरिन' हा आकाशविहाराचा खेळ, पॅरिसचा मोटारींच्या कसरतींचा प्रयोग आणि टोकियोचा सिंड्रेलाचा सोहळा असे तिन्ही फ्लोरिडात आले. नुसती तोरणे न बांधता पाहुण्याच्या पदरात नवे काही पडले, म्हणून त्या सामाईक नावाला अर्थ आला.

सामाईक योजनेला मर्यादाही हवी. 'एक दिवस समाजसेवा करा आणि एक दिवसाचा प्रवेश मोफत मिळवा' अशी योजना डिस्नेने १ जानेवारी २०१० पासून अमेरिकेतील आपल्या दोन्ही ठिकाणांसाठी जाहीर केली. दहा लाख माणसांची मर्यादा आधीच घातलेली होती आणि मार्च महिन्यातच ती पुरी झाली. मर्यादा नसती तर काय झाले असते, हे सांगायला ज्योतिषी नको.

यावरून एक कसोटी सुचते. पाहुणा किती दुरून येतो? जेथे माणसे विमानाने, मुक्कामाच्या तयारीने येतात, तेथे देशभराची सामाईक मोहीम योग्य. कारण घरी बसून 'कोठे जावे' हे ठरविणाऱ्यासाठी ती असते. जेथे बहुतेक माणसे सकाळी येऊन संध्याकाळी परततात, तेथे जवळच्या गावांची शाळा, सण, बाजार आणि पाऊस पाहूनच सवलत ठरली पाहिजे. कोचीच्या गिऱ्हाइकाला भुवनेश्वरच्या उद्यानातील सवलतीचा उपयोग तो किती? आपल्याकडील बहुसंख्य उद्याने या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

आपल्या महाराष्ट्रालाही हा विषय आता परका राहिलेला नाही. खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेले 'इमॅजिका' २०२२ मध्ये मालपाणी समूहाकडे गेले. लोणावळा व शिर्डी येथील 'वेट एन जॉय' ही जलक्रीडा उद्याने आणि शिर्डीचे भक्तिप्रधान 'साईतीर्थ' ही त्याच समूहाची निर्मिती. पाहा, एकाच छत्राखाली पाण्यात डुंबणारे तरुण आणि साईदर्शनाला आलेले आजी-आजोबा एकत्र आले! या दोघांना एकच घोषवाक्य कसे पुरावे?

माझ्या मते नाव, सुरक्षिततेची हमी, वर्षभराचा पास आणि तक्रार ऐकण्याची रीत ही सर्व ठिकाणी एकच असावी. तारीख, दर, भाषा आणि सणवार मात्र स्थानिक व्यवस्थापकाच्या हाती असावेत. तसे झाले नाही तर भुर्दंड मालकापुरता राहत नाही. अवेळी लोटलेल्या गर्दीत रजा रद्द होते ती पाळण्याजवळ उभ्या असलेल्या कामगाराची. आणि वर्षातून एकदाच, पै पै साठवून, एस.टी.ने येणारे कुटुंब जाहिरातीतील मोठे अक्षर वाचून निघते. 'निवडक ठिकाणी, निवडक दिवशी' हे बारीक अक्षर त्याला तिकिटाच्या खिडकीशी कळते. सहलीची वर्गणी गोळा करणाऱ्या खेड्यातील गुरुजींचीही तीच गत. श्रीमंताला अशा वेळी फरक भरून आत जाता येते. गरिबाला मुलांचा हात धरून परत फिरावे लागते.

म्हणून सामाईक जाहिरात जरूर करावी. पण तिच्यात कोणते उद्यान, कोणती तारीख आणि किती दर, हे गावच्या भाषेत आणि मोठ्या अक्षरांत लिहावे. ज्या कंपनीला एवढे लिहिता येत नसेल, तिने सामाईक सवलतीच्या भानगडीत पडू नये, हे उत्तम.