बुद्ध विहार (महाराष्ट्र)

बुद्ध विहार हे बौद्ध धर्मीयांचे उपासनेचे, धम्मशिक्षणाचे आणि सामुदायिक जीवनाचे स्थान होय. महाराष्ट्रात शहरांतील वस्त्यांपासून खेड्यांपर्यंत असे विहार आढळतात. त्यांतील बहुसंख्य विहार स्थानिक रहिवाशांनी वर्गणी व श्रमदानातून उभारलेले असून त्यांचे व्यवस्थापनही स्थानिक समितीकडे असते. इ.स. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ६५,३१,२०० बौद्ध होते. भारतातील एकूण बौद्धांच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे ७७ टक्के आहे.

शब्दार्थ

'विहार' या शब्दाचा मूळ अर्थ निवासस्थान असा आहे. प्राचीन काळी भिक्खूंच्या राहण्याच्या जागेला विहार आणि स्तूप असलेल्या उपासनागृहाला चैत्यगृह म्हणत. कार्ले येथील चैत्यगृह आणि नाशिकच्या पांडवलेणीतील विहार पाहिल्यास हा फरक स्पष्ट होतो. आजच्या वस्तीतील विहारात बहुधा भिक्खू कायम राहत नाहीत. तेथे लोक वंदनेसाठी आणि प्रवचनासाठी एकत्र येतात. म्हणजे नाव विहाराचे असले, तरी कार्य मुख्यतः चैत्यगृहाचे व त्याच्या जोडीला सभागृहाचे आहे.

इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात आधुनिक विहार मोजकेच होते. मूळचे गोव्याचे पाली पंडित धर्मानंद कोसंबी यांनी १९३० च्या दशकात मुंबईतील परळ येथील कामगार वस्तीत 'बहुजन विहार' सुरू केला. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हस्ते पुण्याजवळील देहू रोड येथील विहारात बुद्धमूर्तीची स्थापना झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्यानंतर विहारांची संख्या झपाट्याने वाढली.

या वाढीमागील सामाजिक कारण महत्त्वाचे आहे. धम्म स्वीकारणाऱ्या समाजाला पिढ्यानपिढ्या देवळांत प्रवेश नव्हता. त्यासाठी २ मार्च १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह करावा लागला. ज्यांना दुसऱ्याच्या दारात थांबवले गेले, त्यांनी स्वतः बांधलेल्या वास्तूचे दार सर्वांसाठी उघडे ठेवले, हे विहाराच्या सामाजिक अर्थाचे मर्म आहे. अनेक गावांत पूर्वीच्या तक्क्याचे किंवा समाजमंदिराचे रूपांतर विहारात झाले.

रचना

साधा विहार म्हणजे एक मोठी खोली अथवा सभागृह. समोरच्या भिंतीलगत चौथऱ्यावर बुद्धमूर्ती आणि तिच्या बाजूला किंवा खालच्या बाजूस डॉ. आंबेडकरांची प्रतिमा असते. बाहेर निळा, पिवळा, लाल, पांढरा व केशरी अशा रंगांच्या पट्ट्यांचा ध्वज फडकतो. तो पंचशील ध्वज या नावाने ओळखला जातो. जागा असल्यास अंगणात बोधिवृक्ष, म्हणजे पिंपळ, लावलेला असतो. कामठी येथील ड्रॅगन पॅलेससारख्या जपानी सहकार्यातून उभ्या राहिलेल्या भव्य वास्तूही आहेत. परंतु पत्र्याच्या छपराखालील विहारातही वंदनेचा क्रम तोच असतो.

उपासना

मूर्तीपुढे फुले, मेणबत्ती व अगरबत्ती अर्पण केली जाते. त्यानंतर पाली भाषेत त्रिसरण व पंचशील ग्रहण करून बुद्ध, धम्म आणि संघ यांची वंदना म्हटली जाते. शेवटी 'साधु' हा शब्द तीन वेळा उच्चारतात. बुद्ध हे वर देणारे दैवत मानले जात नसल्यामुळे नवस, कौल किंवा अंगात येणे यांना येथे स्थान नाही. फूल सुकते आणि मेणबत्ती विझते; त्यांतून अनित्यतेचे स्मरण व्हावे, असा या अर्पणाचा अर्थ सांगितला जातो.

अनेक ठिकाणी रविवारी सामुदायिक वंदना होते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात रोज सायंकाळी डॉ. आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे क्रमशः वाचन करण्याची प्रथा आहे. या वाचनात महिलांचा पुढाकार ठळकपणे दिसतो. शेतमजुरी किंवा घरकाम करून आलेल्या स्त्रियांसाठी हे चारचौघांत मोठ्याने वाचण्याचे आणि अर्थावर चर्चा करण्याचे व्यासपीठ ठरते.

सामुदायिक उपक्रम

नामकरण, मंगल परिणय आणि मृत्यूनंतरचा पुण्यानुमोदन विधी विहारात किंवा विहाराच्या पुढाकाराने पार पडतात. भिक्खू उपलब्ध नसल्यास प्रशिक्षित गृहस्थ उपासक, म्हणजे बौद्धाचार्य, हे विधी करतात. बुद्ध पौर्णिमा, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन हे वर्षातील प्रमुख प्रसंग होत. बुद्ध पौर्णिमेला सुजाताने दिलेल्या खिरीच्या स्मरणार्थ खीरदान केले जाते.

याखेरीज बालसंस्कार वर्ग, ग्रंथालय, स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका, रक्तदान व आरोग्य तपासणी शिबिरे असे उपक्रम चालतात. दहा बाय दहाच्या घरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला विहारातील दिवा आणि शांतता या दोन गोष्टीही मोलाच्या असतात.

भेट देणाऱ्यांसाठी शिष्टाचार

विहारात प्रवेशासाठी जात, धर्म किंवा लिंग यांची अट नसते आणि शुल्कही नसते. पादत्राणे बाहेर काढून शांतपणे जमिनीवर बसावे. उपासक शुभ्र वस्त्रे परिधान करतात; पाहुण्यांनी साधा पोशाख केला तरी पुरेसे असते. वंदना येत नसल्यास नुसते बसून ऐकावे. वंदनेच्या वेळी छायाचित्रे घेण्यापूर्वी विचारावे. 'जय भीम' आणि 'नमो बुद्धाय' ही तेथील प्रचलित अभिवादने आहेत.

प्रश्न व चर्चा

काही विहार जयंती-पौर्णिमेपुरतेच उघडतात आणि एरवी कुलूपबंद राहतात, अशी खंत समाजातूनच व्यक्त होते. जागेची मालकी, नियमित खर्च आणि तरुणांचा घटता सहभाग या अडचणी आहेत. विहार हे केवळ पूजास्थान असावे की शिक्षण व सेवेचे केंद्र, हा त्यामागील मूळ प्रश्न आहे. भिक्खू हा केवळ परिपूर्ण मानव असावा की समाजसेवक, असा प्रश्न डॉ. आंबेडकरांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात उपस्थित केला होता. ज्या वस्तीत वंदनेनंतरही विहाराचे दार अभ्यासिकेसाठी उघडे राहते, तेथे या प्रश्नाचे उत्तर कृतीतून दिले जात आहे.

हे सुद्धा पहा

* दीक्षाभूमी
* वर्षावास
* पंचशील
* धम्मचक्र प्रवर्तन दिन