जव्हार-मोखाड्याची छोटी सहल : ज्येष्ठांनी निघण्यापूर्वी

घरातील ज्येष्ठांनी प्रवासाची इच्छा बोलून दाखवली की बहुधा दोन प्रकारची उत्तरे मिळतात. ‘आता या वयात कशाला?’ हे एक, आणि ‘काही होत नाही, बसा गाडीत’ हे दुसरे. पहिल्या उत्तरात माया असते, दुसऱ्यात उत्साह. मात्र दोहोंत विचार थोडा असतो. फार दूरच्या नव्हे, पण मोठ्या रुग्णालयापासून लांब असलेल्या ठिकाणी दोन-तीन दिवसांसाठी जायचे असेल, तर कोणती तयारी करावी, हे आपण जव्हार-मोखाड्याच्या निमित्ताने पाहू.

पालघर जिल्ह्याच्या पूर्व भागातील हे दोन तालुके सह्याद्रीच्या कुशीत आहेत. जव्हार हे मुकणे घराण्याच्या संस्थानाचे गाव. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले; जयविलास राजवाडा मात्र आजही उभा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरचे हे गाव मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास, तर त्र्यंबकेश्वर-मोखाडामार्गे नाशिकपासून सुमारे ८० किलोमीटर आहे. इतक्या उंचीवर विरळ हवेचा त्रास होत नाही; तो साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर संभवतो. त्यामुळे येथे चिंता उंचीची नसून वळणांच्या रस्त्यांची आणि उपचारांपर्यंत पोहोचण्यास लागणाऱ्या वेळेची आहे.

अंतर तासांत मोजावे

पॅसिफिक महासागरात टोकेलाऊ नावाची तीन प्रवाळबेटे आहेत. तेथे विमानतळ नाही; सामोआहून बोटीने जाण्यास एक दिवसाहून अधिक काळ लागतो, आणि पाहुण्याला आधी त्या बेटावरील ज्येष्ठांच्या मंडळाची अनुमती घ्यावी लागते. जव्हार इतके एकाकी नाही. परंतु तेथे जाणाऱ्याला जे दोन प्रश्न पडतात, तेच आपणही स्वतःला विचारावेत. प्रकृती बिघडली तर उपचार किती तासांवर आहेत? आणि या प्रवासाला घरातील ज्येष्ठांची मनापासून संमती आहे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निघण्यापूर्वी कागदावर लिहून काढावे. जव्हारला शासनाचे पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. तथापि पक्षाघातासारख्या आजारात मेंदूचे सीटी स्कॅन करून गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून सीटी स्कॅनची आणि हृदयरोगतज्ज्ञांची सोय जवळात जवळ कोठे आहे, तेथे पोहोचण्यास घाटातून किती वेळ लागेल, हे आधीच दूरध्वनी करून विचारून ठेवावे. मुक्काम शक्यतो जव्हार गावातच करावा. दरीकाठचे एकाकी निवासस्थान चित्रात सुंदर दिसते, पण रात्री दोन वाजता तेथून निघणे सोपे नसते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्येष्ठांनाच विचारावे. कित्येक आजी-आजोबा मुलांचा हिरमोड होऊ नये म्हणून होकार देतात, तर कित्येकजण मुलांवर भार नको म्हणून इच्छा असूनही नकार देतात. ‘आपल्याला काय पाहावेसे वाटते, आणि कशाची भीती वाटते?’ एवढे शांतपणे विचारले, तरी बेत निम्मा ठरतो.

कोणी जावे, कोणी थांबावे

रक्तदाब, मधुमेह किंवा जुना हृदयविकार असूनही ज्यांची प्रकृती काही महिने स्थिर आहे, त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने असा प्रवास करता येतो. अलीकडेच हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा शस्त्रक्रिया झालेल्यांनी, बसल्या जागी धाप लागणाऱ्यांनी, तसेच ज्यांची औषधे नुकतीच बदलली आहेत त्यांनी थांबणे हिताचे. डायलिसिस चालू असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुक्कामाचा बेत करू नये. फार तर दोन वारांच्या मधल्या एका दिवसात जाऊन येता येईल का, हे पाहावे.

निघण्याच्या दोन आठवडे आधी डॉक्टरांची भेट घ्यावी. तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी प्रवासाच्या दिवशी केव्हा घ्यावी? वाटेत लघवीला जावे लागेल या भीतीने ती परस्पर बंद करणे, किंवा पाणीच न पिणे, ही नेहमी आढळणारी आणि घातक सवय आहे. घाटात मळमळ होत असल्यास कोणती गोळी चालेल? प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा विकार असलेल्यांना अशा काही गोळ्या बाधतात. त्यांनी सुस्तीही येते. आणि अचानक छातीत दुखू लागल्यास रुग्णालयात पोहोचेपर्यंत काय द्यावे?

औषधांची पिशवी

जितके दिवस मुक्काम, त्याच्या दुप्पट दिवसांची औषधे न्यावीत. ती दोन ठिकाणी विभागून ठेवावीत. एक संच ज्येष्ठांच्या हातातील पिशवीत, दुसरा काळजी घेणाऱ्याजवळ. गोळ्या मूळ वेष्टनातच राहू द्याव्यात. वापरात असलेले इन्सुलिन साधारण चार आठवडे थंड खोलीत टिकते, पण उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते खराब होते. ते कधीही गाडीत सोडू नये, आणि बर्फाला थेट टेकवूनही ठेवू नये.

एका कागदावर मोठ्या अक्षरांत औषधांची नावे व मात्रा, चालत नसलेली औषधे, पूर्वीचे आजार, रक्तगट, नेहमीच्या डॉक्टरांचा व दोन नातेवाइकांचा दूरध्वनी क्रमांक लिहावा. शेवटच्या हृदयालेखाची म्हणजे ईसीजीची प्रत सोबत जोडावी. डोंगरांच्या आड मोबाइलला सर्वत्र संदेशलहरी मिळतीलच असे नाही. म्हणून सारे काही मोबाइलमध्येच ठेवून भागत नाही. जादा चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, कवळीची डबी, काठी, विजेरी आणि थोडी रोख रक्कम हेही विसरू नये.

ऋतू, रस्ता आणि वेग

पावसाळ्यात येथील डोंगर विलक्षण हिरवे असतात. पण त्याच दिवसांत मुसळधार पाऊस, धुके, निसरड्या पायवाटा आणि घाटात दरड कोसळण्याचा संभव असतो. ज्येष्ठांसाठी ऑक्टोबरअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ अधिक अनुकूल. रात्री गारठा पडतो. कानटोपी, मोजे आणि शाल जवळ असावी. सकाळी लवकर निघून दुपारच्या जेवणापूर्वी पोहोचावे. अंधार पडल्यावर घाट उतरू नये. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाच मिनिटे चालावे. पोटऱ्यांतील रक्ताभिसरणासाठी ते आवश्यक आहे.

पाहण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून सारेच पाहिले पाहिजे असे नाही. दोन रात्रींच्या मुक्कामात रोज एकच मुख्य ठिकाण ठरवावे. पहिल्या दिवशी विश्रांती घेऊन सायंकाळी सनसेट पॉइंट. दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रवेशाच्या वेळा आधी विचारून, जयविलास राजवाडा, दुपारी विश्रांती, मग शिरपामाळ, जेथे १६६४ मध्ये सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराजांचा मुक्काम झाल्याचे सांगतात. तिसऱ्या दिवशी न्याहारी करून परत. दाभोसा धबधब्याकडे नेणारी उतरण गुडघ्यांची परीक्षा पाहते. ज्यांना घरचा जिना जड जातो, त्यांनी वरूनच पाहून समाधान मानावे. उतरलेले चढावेही लागते, हे सोबतच्या तरुणांनी ध्यानात ठेवावे.

होळीनंतरच्या दिवसांत येथील गावांत बोहाडा भरतो. देवादिकांचे मुखवटे घालून चाललेली ही सोंगे रात्रभर चालतात. तो योग आला तर पहिले दोन तास पाहून झोपायला परतावे. एक रात्रीचे जागरण मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही बिघडवू शकते. वारली चित्रे काढणाऱ्या घरी जाणार असाल, तर आधी विचारून जावे. छायाचित्रापूर्वी अनुमती घ्यावी. येथील माणसांचे जगणे कष्टाचे आहे, आणि येथील रुग्णालय प्रथम त्यांचे आहे. आपली तयारी पुरेशी असली की त्या व्यवस्थेवर विनाकारण भार पडत नाही.

जेवण, पाणी आणि रात्र

नाचणीची भाकरी, वरण, रानभाज्या हा येथील आहार पथ्याला सोयीचा आहे; लोणचे, पापड आणि तळलेले पदार्थ बेताने घ्यावेत. पाणी उकळलेले किंवा बंद बाटलीतील असावे. मधुमेहींनी जेवणाची वेळ चुकवू नये. घाम, थरथर, गोंधळ अशी चिन्हे दिसली, किंवा रक्तातील साखर ७० च्या खाली गेली, तर शुद्धीवर असलेल्या व्यक्तीला तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडातून काहीही न देता रुग्णालय गाठावे.

रात्री पडण्याचा धोका सर्वाधिक. स्वच्छतागृह खोलीला जोडलेले असावे आणि मंद दिवा जळता ठेवावा. स्मृतिभ्रंश असलेल्यांना नव्या जागी सायंकाळनंतर घर परके वाटून अस्वस्थता येते. त्यांची रोजची उशी, शाल, देवाची तसबीर सोबत नेल्यास मन थाऱ्यावर राहते. मच्छरदाणी वापरावी. जमिनीवर झोपू नये, बूट झटकून घालावेत, अंधारात विजेरीवाचून बाहेर पडू नये. सर्पदंश झालाच तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांपैकी काहीही करू नये. तो अवयव न हलवता, रुग्णाला न चालवता तत्काळ रुग्णालयात न्यावे.

छातीत दडपण, घाम, हात किंवा जबड्यात कळ ही हृदयविकाराची चिन्हे आपण जाणतोच. परंतु वृद्धांत आणि मधुमेहींत वेदना मुळीच नसून केवळ धाप, मळमळ किंवा अचानक गळून गेल्यासारखे वाटणे एवढेच लक्षण असू शकते. ‘प्रवासाचा शीण असेल, सकाळी पाहू’ असे म्हणून येथे थांबू नये. चेहरा वाकडा होणे, एका हाताची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे दिसताच घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी आणि निघावे.

काळजी घेणाऱ्याचीही सहल

औषधे, जेवण, स्नान आणि सामान हे सारे एकाच सुनेच्या वा लेकीच्या माथी पडले, तर ती सहल तिच्यासाठी केवळ जागा बदललेले घरकाम ठरते. कामे आधीच वाटून घ्यावीत. रोज दोन तास तरी तिचे स्वतःचे असावेत.

आणि निघण्याच्या सकाळी ताप, धाप, पायांना नवी सूज किंवा चक्कर जाणवली, तर बेत निःसंकोच पुढे ढकलावा. खोलीचे आरक्षण करतानाच ते रद्द करता येईल का, हे विचारून ठेवले असले म्हणजे त्या क्षणी ‘पैसे फुकट जातील’ या विचाराने कोणी दुखणे लपवणार नाही. जव्हारचे डोंगर महिन्याभरानेही तेथेच असतील. आपणही तोवर बरे होऊन निघावे.