परदेशातील बिऱ्हाड आणि मुलांची मराठी



गोव्यात, वसईत किंवा बेळगावाकडे आखातात नोकरीला गेलेला माणूस हे आता नवल राहिलेले नाही. एके काळी पुरुष एकटा जाई आणि घरी पैसे पाठवी. आज अनेक जण बायकामुलांसह दुबईत, दोह्यात किंवा मस्कतात बिऱ्हाड करतात. त्या बिऱ्हाडात वाढणाऱ्या लहान मुलांविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

आखाती देशांत केवळ जन्मल्याने नागरिकत्व मिळत नाही. सामान्यतः मुलाचा निवासाचा परवाना आईच्या किंवा वडिलांच्या परवान्यावर, आणि तो त्यांच्या नोकरीवर अवलंबून असतो. नोकरी सुटली की बिऱ्हाड आवरावे लागते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले, त्यानंतर सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी मायदेशी आणण्यात आले. तेथेच जन्मलेली मुलेही त्यांत होती. तेव्हा मूल तेथे कितीही रमले, तरी परतीची तयारी आईबापांनी पहिल्या दिवसापासून ठेवली पाहिजे.

या तयारीची पहिली पायरी कागदाची. ३ डिसेंबर २००४ पासून अमलात असलेल्या तरतुदीनुसार, परदेशी जन्मलेल्या मुलाचा जन्म एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदवावा लागतो. मुलाजवळ अन्य देशाचा पासपोर्ट नाही, असे आईबापांना लिहून द्यावे लागते. मुदत टळल्यास केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते.

दुसरी पायरी भाषेची, आणि ती अधिक अवघड. शाळेत मागे पडू नये म्हणून पुष्कळ आईबाप घरीही मुलाशी इंग्रजीतच बोलतात. दोन भाषांनी मूल गोंधळेल, अशी त्यांना भीती वाटते. ही भीती निराधार आहे. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल रोंझा यांनी १९१३ साली आपल्या मुलाच्या भाषेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या घरी वडील मुलाशी फ्रेंच बोलत, आई जर्मन बोले. मुलाला दोन्ही भाषा चांगल्या आल्या.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या भाषेवाचून अडत नाही, ती मूल बोलत नाही. आईला इंग्रजी कळते हे ठाऊक असल्यावर ते मराठी ऐकते आणि उत्तर इंग्रजीत देते. अशा मुलांची मराठी कानात राहते, जिभेवर येत नाही. सुटीत गावी आल्यावर आजी बोलते, नातू हसून मान हलवितो, आणि संभाषण तेथेच थांबते. हे नुकसान गुणपत्रिकेवर दिसत नाही, म्हणून ते उशिरा कळते.

उपाय साधे आहेत. दोघांपैकी एकाने तरी मुलाशी नेमाने मराठीतच बोलावे. मुलाने इंग्रजीत उत्तर दिले तर रागवू नये. तेच वाक्य सहजपणे मराठीत म्हणावे. आजीआजोबांशी दूरध्वनीवर बोलण्याची वेळ ठरवावी, कारण तेथे मराठीवाचून खरोखरच अडते. संध्याकाळची प्रार्थना मराठीत व्हावी. मग ती आम्हां ख्रिस्ती कुटुंबांतील जपमाळेची असो की हिंदू घरातील शुभंकरोती. तेथील अनेक भारतीय शाळांत हिंदी शिकवितात, त्यामुळे बहुतेक अक्षरे मुलाला येतातच. रोज दहा मिनिटे सोप्या गोष्टी वाचून घेतल्या तर वाचनाची वाट मोकळी होते.

पण मायदेशाच्या प्रेमापोटी त्या भूमीची हेटाळणी करू नये. भारतात राहिलेल्या अमेरिकन कुटुंबांचा १९५०च्या दशकात अभ्यास करून समाजशास्त्रज्ञ रूथ यूसीम यांनी अशा मुलांना ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ म्हटले. आईबापांच्या आणि यजमान देशाच्या संस्कृतींच्या मधोमध ती स्वतःचे जग उभारतात. तुझे गाव कोणते, या प्रश्नाला मुलाने दोन नावे सांगितली तर ती दोन्ही खरी मानावीत. मात्र त्यांतल्या एका गावी त्याची आजी राहते. तिच्याशी पोटभर बोलता येईल एवढी मराठी त्याला देणे, हे आईबापांचे काम आहे.