पाण्याचा नमुना घ्यायला साहेब आले, तर?

रत्नागिरी जिल्ह्यात मासळीवर पोट भरणारे आपले लोक आहेत, तसेच कारखाना-वर्कशॉप चालवणारेही आहेत. त्यामुळे पाण्याचा कायदा आपल्याला दोन्ही बाजूंनी लागतो. खेड तालुक्यातील लोटे-परशुराम वसाहतीतील रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी सामुदायिक प्रक्रिया केंद्रातून दाभोळ खाडीकडे जाते. खाडीत मासळी मरते, कमी झाली, अशी तक्रार काठचे मच्छीमार वर्षानुवर्षे करीत आले आहेत.

कायदा १९७४ चा. त्यात ‘प्रवाह’ म्हणजे केवळ नदी नव्हे. नाला, खाडी, समुद्र, जमिनीखालचे पाणी, एवढेच काय, उन्हाळ्यात कोरडा पडलेला पऱ्ह्याही त्यात येतो. तेव्हा “मागे सुका ओढाच आहे” ही सबब चालत नाही. सांडपाणी सोडणाऱ्या धंद्याने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आधी घ्यायची असते. अगदी निरुपद्रवी, म्हणजे ‘पांढऱ्या’ वर्गातील धंद्यांना तेवढी सूट आहे.

मासळी जगायला लिटरभर पाण्यात किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला हवा, असे केंद्रीय मंडळाचे माप आहे. घाण कुजताना हा प्राणवायू खाते. ती किती खाईल याचा आकडा म्हणजे बी.ओ.डी.; नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तो सर्वसाधारणपणे लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत लागतो. मासळी धुतलेल्या पाण्यात रसायन नसते, पण रक्त आणि आतड्यांनी हाच आकडा भराभर चढतो. आपल्यातल्या पुष्कळांना हे पटत नाही!

आता महत्त्वाचे. कलम २१ प्रमाणे अधिकाऱ्याने सांडपाण्याचा नमुना घेताना तपासणीची नोटीस तिथेच द्यायला हवी. मालकाने मागणी केल्यास नमुन्याचे दोन भाग करून, सील लावून, दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात. ही रीत मोडली तर तो अहवाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. पण मालक मुद्दाम गैरहजर राहिला किंवा गप्प बसला, तर एकच बाटली अधिकाऱ्याच्या सहीने प्रयोगशाळेत जाते, आणि ते कायदेशीर ठरते. आमच्या मते पळण्यात शहाणपण नाही. हजर राहावे, दोन भाग मागावेत, नोटिशीची प्रत जपून ठेवावी.

संमती नाकारली गेली किंवा जाचक अटी घातल्या, तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते.