पाठवणी की बोळवण?

माणसाला निरोप देण्याचे आपल्या भाषेत दोन मोठे बोलके शब्द आहेत. एक पाठवणी, दुसरा बोळवण. मुळात दोहोंचा अर्थ जवळपास एकच. पण ‘त्यांनी चार गोड शब्दांवर माझी बोळवण केली’ असे कुणी म्हटले की त्यातली खोच लगेच कळते. पाठवणीत मुलीबरोबर पाठराखीण जाते, सामान मोजून दिले जाते, सासरी आगाऊ वर्दी पोचलेली असते. अत्यवस्थ रोग्याला एका इस्पितळातून दुसऱ्या इस्पितळात हलवण्याच्या प्रसंगाला ही उपमा कुणाला विचित्र वाटेल. पण त्या वेळी त्याची पाठवणी होते की बोळवण, यावर पुष्कळदा त्याचा जीव अवलंबून असतो.

रोग्याला पुढे पाठवणे हा काही गुन्हा नव्हे. तालुक्याच्या गावी भूल देणारा डॉक्टर अहोरात्र असेलच असे नाही. मेंदूची शस्त्रक्रिया करणारा तर नसतोच. सिंधुदुर्गातला गंभीर रोगी गोव्यात बांबोळीला किंवा घाट चढून कोल्हापूरला नेतात, तो काही हौसेने नव्हे. आक्षेप आहे तो ‘याला पुढे न्या’ एवढेच सांगून मोकळे होण्याला. ‘पुढे’ हे क्रियाविशेषण आहे, पत्ता नव्हे!

हे ‘पुढे’ किती लांब असू शकते, ते बंगालमधल्या एका खटल्याने दाखवले. ८ जुलै १९९२ रोजी संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास मथुरापूर स्टेशनावर एक मजूर आगगाडीतून पडला. डोक्याला जबर मार, मेंदूत रक्तस्राव. जवळच्या आरोग्य केंद्रात साधने नव्हती. रात्री पावणेबाराला तो कलकत्त्याच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात पोचला. तिथे तपासले, क्ष-किरण फोटो काढला, त्याला ताबडतोब दाखल करावे असा शेराही लिहिला. पण खाट रिकामी नव्हती. मग दुसरे इस्पितळ, तिसरे, चौथे. कुठे खाट नाही, कुठे मेंदूचा विभाग नाही. रात्र अशी गेली. दुसऱ्या दिवशी अखेर तो एका खासगी इस्पितळात दाखल झाला आणि वाचला. खर्च आला सुमारे १७ हजार रुपये. ६ मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भंग ठरवून २५ हजार रुपये भरपाई देवविली. खाट कुठे रिकामी आहे हे एका ठिकाणी कळावे आणि रोगी थेट तिथेच जावा, अशी व्यवस्था करायलाही सांगितले. त्याआधी १९८९ मध्ये याच न्यायालयाने बजावले होते, की पोलिसी सोपस्कारांसाठी जखमीचे उपचार अडवता येणार नाहीत. मग डॉक्टर सरकारी असो वा खासगी.

खरी पाठवणी कशी असते ते मी एकदा जवळून पाहिले. कोकणात राहणाऱ्या माझ्या मामेभावाचा अंतर्गळ एका रात्री अडकला. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की ते काही तासांतच कुजू लागते. गावच्या डॉक्टरांकडे त्या रात्री भूल देणारे कुणी नव्हते. त्यांनी नाकातून नळी घालून पोट रिकामे केले, म्हणजे वाटेत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जायला नको. शिरेतून सलाइन लावले. मग स्वतः कोल्हापूरच्या सर्जनला फोन केला आणि तिकडून होकार आल्यावरच गाडी हलवली. चिठ्ठीत दुखणे कधी सुरू झाले, नाडी व रक्तदाब किती, कोणते औषध किती वाजता दिले, शेवटचे खाणे केव्हा झाले, सारे लिहिले होते. बरोबर एक नर्स दिली; तीच आमची पाठराखीण. तिकडे शस्त्रक्रियेची तयारी होती. आतडे शाबूत राहिले.

शेजारच्या खाटेवरचा गृहस्थ त्याच दुखण्याने आला होता. त्याच्या चिठ्ठीवर ‘पुढील उपचारांसाठी’ एवढीच एक ओळ. कुठलीच वर्दी नसल्याने त्याची सगळी विचारपूस नव्याने झाली. त्याचे हातभर आतडे काढावे लागले.

मात्र थोपवणे सर्वत्रच योग्य नव्हे. बाहेरचा रक्तस्राव दाबून आवरता येतो. पोटातला शस्त्रक्रियेवाचून थांबत नसेल, तर फोटो नि तपासण्या यांत वेळ न दवडता निघणेच बरे. अशा वेळी फोन गाडीतून करावा, पण करावा.

आपल्याकडे २०१४ साली १०८ क्रमांकाची मोफत सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि गाडीत डॉक्टर आला. ही मोठीच सोय. तरीही घरच्या माणसांनी निघण्यापूर्वी चार गोष्टी शांतपणे विचाराव्यात. कुठल्या इस्पितळात आणि कुणाच्या हाती? तिथे फोन झाला का? चिठ्ठी आणि फोटो कुठे आहेत? बरोबर कोण येणार? आणि वाटेत रोग्याला चहाचा घोटसुद्धा, डॉक्टरांना विचारल्याखेरीज, मायेपोटीही देऊ नये. पोटात काही असले की भूल देणे धोक्याचे होते.