होडी उलटली, तरी होडी सोडू नका

सोल ऑलिंपिकमधल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती दक्षिण कोरियातल्या पुसानच्या समुद्रात झाल्या. २४ सप्टेंबर १९८८ या दिवशी तिथे वारा अचानक चढला. आधी १५ नॉटच्या, म्हणजे ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असलेला वारा पाहता पाहता ३५ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी ६५ किलोमीटरच्या घरात गेला. मोठ्या लाटा उठल्या. कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू ‘फिन’ या एकट्याने चालवायच्या होडीच्या शर्यतीत दुसऱ्या स्थानावर होता. शेजारच्या मार्गावर ‘४७०’ या दोघांच्या होड्यांची शर्यत होती. तिथे सिंगापूरची होडी उलटलेली त्याला दिसली. एक खेळाडू उलट्या होडीला धरून होता, दुसरा तिच्यापासून वाहत दूर चालला होता.

लेम्यूने शर्यत सोडली, होडी वळवली. आधी वाहत जाणाऱ्याला वर घेतलं, मग दुसऱ्याला. कोरियन नौदलाची बोट येईपर्यंत तो थांबला आणि त्यानंतर त्याने शर्यत पूर्ण केली. पंचांनी त्या फेरीपुरतं त्याला दुसरं स्थान परत दिलं. एकूण स्पर्धेत तो अकरावा आला, पण खिलाडूवृत्तीसाठीचं पिअर द कुबर्तां पदक त्याला मिळालं.

ही गोष्ट माणुसकीची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. डॉक्टर म्हणून मला मात्र त्यात आणखी एक प्रश्न दिसतो. ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेला, समुद्र अंगवळणी पडलेला तरुण खेळाडू. होडी डोळ्यांसमोर आहे, थोडक्या अंतरावर आहे. तरी ती त्याला का गाठता येत नाही? याचं उत्तर शरीरशास्त्रात आहे, आणि समुद्रावर किंवा तलावावर होडीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या ते उपयोगाचं आहे.

वारा दुप्पट, जोर चौपट

वाऱ्याचा शिडावरचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा १५ नॉटचा ३० नॉट झाला, तर शिडावरचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. मोठ्या जहाजाच्या तळाशी जड वजन असतं, ते जहाजाला सरळ ठेवतं. शर्यतीच्या छोट्या होडीत असं वजन नसतं. पाण्यात उतरणारी एक फळी होडीला आडवं सरकू देत नाही, पण कलंडण्यापासून तिला वाचवतं ते माणसाचं स्वतःचं वजन. म्हणून चालवणारा पाय पट्ट्यांत अडकवून अख्खं धड होडीबाहेर, पाण्यावर काढतो. ‘४७०’सारख्या होडीत दुसरा गडी कमरेच्या पट्ट्याला तार लावून डोलकाठीपासून चक्क बाहेर लटकतो.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हा नुसता रेलून बसला आहे. खरं तर त्याच्या मांडीचे आणि पोटाचे स्नायू सतत आवळलेले असतात. चालताना किंवा धावताना स्नायू आवळतो आणि सैल होतो, त्यामुळे त्यात रक्त खेळतं राहतं. आवळलेलाच राहिलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो. रक्त कमी पोहोचतं, प्राणवायू अपुरा पडतो, मांड्या पेटतात. रक्त पोहोचवण्यासाठी शरीर रक्तदाब आणि नाडीचा वेग वाढवतं. भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं एक मिनिट राहून पाहा, म्हणजे कल्पना येईल. (रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल, तर हा प्रयोग करू नका.)

त्यात दुसऱ्या हाताने शिडाची दोरी ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची. ओल्या दोरीवर मूठ घट्ट धरून धरून हाताचे स्नायू आखडतात. तोंडावर खारं पाणी, अंगावरून वाहणारा वारा, पाणी प्यायला सवड नाही. म्हणजे होडी उलटते तेव्हा माणूस ताजातवाना नसतो. त्याची शिल्लक आधीच बरीच खर्च झालेली असते.

पाण्यात पडल्यावर

जोराच्या वाऱ्यात होडी अनेक प्रकारे उलटते. झुळूक आली आणि दोरी वेळेत सैल सोडली नाही, तर ती कुशीवर पडते. वारा पाठीवर घेऊन लाटेवरून वेगात उतरताना नाळ पुढच्या लाटेत घुसली, तर कोलांटी होते. वारा पाठीवर असताना दिशा बदलली, की शिडाखालचा आडवा दांडा सपकन एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरतो. डोकं वेळेत खाली गेलं नाही, तर तो कवटीवरच बसतो. असा मार लागलेला माणूस ‘मला काही झालं नाही’ म्हणाला, तरी त्याला किनाऱ्यावर आणायचं. थोड्या वेळाने गुंगी, उलटी किंवा गोंधळ दिसला, तर थेट रुग्णालय.

पाणी थंड असेल, १५ अंश सेल्सिअसच्या खाली, तर पहिला धोका गारठून मरण्याचा नसतो. त्वचेला गार पाणी लागताच माणूस आपोआप ‘हाऽऽ’ करून मोठा श्वास आत ओढतो आणि मग भराभर धापा टाकू लागतो. हे इच्छेने थांबवता येत नाही. तो पहिला श्वास पाण्याखाली असताना आला, तर पाणी थेट फुप्फुसात जातं. ब्रिटनमधल्या फ्रँक गोल्डन आणि माइक टिप्टन या शास्त्रज्ञांनी या ‘शीतधक्क्या’चा बारकाईने अभ्यास केला. हा धक्का पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वांत तीव्र असतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. तोवर पोहण्याची धडपड न करता तोंड पाण्यावर ठेवून तरंगत राहायचं, एवढंच काम. त्यानंतरची काही मिनिटं हात चालतात, पण बोटं हळूहळू निकामी होत जातात. दोरीची गाठ, जॅकेटची क्लिप, होडी सरळ करणं, जे काही करायचं ते याच वेळात.

म्हणूनच लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच अंगात चढवून, पट्टे आवळून घ्यायचं. होडीत ठेवलेलं जॅकेट लाटांत घालता येत नाही.

अरबी समुद्र इतका थंड नसतो. मुंबईच्या समुद्रात १९८२च्या आशियाई स्पर्धेतल्या शिडाच्या शर्यती झाल्या, आजही तिथे मुलं या होड्या चालवायला शिकतात. पण पाणी साधारण ३३ अंशांहून थंड असलं, की त्यात स्थिर असलेलं शरीर हळूहळू उष्णता गमावतच असतं. तासन् तास पाण्यात राहिलेला माणूस आपल्याकडेही गारठतो. आणि थकवा, दमछाक, नाकातोंडात जाणारं पाणी यांना पाण्याच्या तापमानाशी काही घेणं नसतं.

होडी का सोडायची नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कुशीवर पडलेली होडी स्वतःच वाऱ्याला शिडासारखी अडते. वारा तिला ढकलत नेतो. माणसाचं फक्त डोकं पाण्यावर असतं, त्यामुळे तो मागे राहतो. जॅकेट जीव वाचवतं, पण पोहताना ते पाण्याला अडतं आणि वेग कमी करतं. लाट दर काही सेकंदांनी तोंडावर फुटते, श्वासाची लय मोडते. मांड्या आणि हात आधीच थकलेले. अशा वेळी दहा-पंधरा मीटर हे तलावातलं अंतर राहत नाही. पोहणारा जेवढा पुढे सरकतो, तेवढीच होडी पुढे जाते. इच्छाशक्ती कमी पडते म्हणून हे घडत नाही, स्नायूंकडे द्यायला काही उरलेलं नसतं.

म्हणून या खेळातला पहिला धडा असा असतो: होडी उलटली की आधी तिचा एखादा भाग किंवा दोरी पकडायची, मग बाकीचा विचार. या होड्यांच्या पोटात हवेचे बंद कप्पे असतात, त्या उलटल्या तरी बुडत नाहीत. शोधणाऱ्याला लाटांमधलं डोकं दिसत नाही, होडी दिसते.

१९६४मध्ये इंग्लंडचा फ्रँक डाय एका साथीदाराबरोबर सोळा फुटी उघड्या होडीतून नॉर्वेच्या समुद्रात वादळात सापडला होता. होडी एकाहून जास्त वेळा उलटली, डोलकाठी मोडली. दर वेळी दोघांनी होडी सरळ केली, पाणी उपसलं आणि शेवटी ते किनाऱ्याला लागले. ती ‘वाँडरर’ होडी पुढे कॉर्नवॉलच्या सागरी संग्रहालयात ठेवली गेली. त्यांच्या साहसाचं अनुकरण करू नये. होडीला धरून राहण्याचं मात्र जरूर करावं.

किनाऱ्यावर आणल्यावर

सरकारी रुग्णालयात बुडालेली माणसं येतात ती बहुधा शिडाच्या होडीतली नसतात. ती धरणावर, खाडीत, नदीवर गेलेली असतात. नियम सगळ्यांना सारखेच.

बराच वेळ पाण्यात राहिलेल्याला शक्यतो आडवं ठेवूनच बाहेर काढा. पाण्याचा दाब पायांतलं रक्त वर ढकलत असतो. बाहेर येताच तो दाब जातो, रक्तदाब कोसळू शकतो आणि वाचलेला माणूस वाचवण्याच्या क्षणी कोसळतो.

पोट दाबून, उलटं टांगून किंवा गरगर फिरवून पाणी काढायचा प्रयत्न करू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी फुप्फुसात शिरतं. श्वास चालू नसेल तर १०८ला फोन करायला एकाला सांगा आणि आधी तोंडाने श्वास द्या, कारण बुडालेल्याचं हृदय प्राणवायूअभावी थांबलेलं असतं. मग छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, मोठ्या माणसात सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब द्या. दर ३० दाबांनंतर दोन श्वास. शुद्धीवर असलेल्याचे ओले कपडे काढा, कोरडं पांघरूण द्या. दारू देऊ नका. खोकला किंवा धाप असेल, तर माणूस बोलत असला तरी त्याला रुग्णालयात आणा. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब किंवा फिट्स येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराच्या वाऱ्यात होडीवर जाऊ नये. मद्य घेतलेल्याने तर होडीत पाऊलच ठेवू नये.

उरलेल्यांसाठी एक साधी कसोटी: होडी दोनदा उलटली, तरी ती तिसऱ्यांदा सरळ करून परत येण्याएवढी ताकद अंगात आहे का? उत्तर देताना मन जरा जरी अडखळलं, तरी शीड उतरवा आणि किनारा गाठा. वारा उद्याही असतो.